'अन्सेटल्ड' : एका इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि मराठीतील त्यांची वाटणी

१

परभाषेतील एखादा शब्द स्वभाषेत आणताना अनुवादकाची जी अडचण होते ती बहुधा पर्याय न सापडण्याची नसते. पर्याय फार सापडतात, ही असते. इंग्रजीतील 'अन्सेटल्ड' हा शब्द या अडचणीचे उत्तम उदाहरण होय. मन अन्सेटल्ड असते, हवा अन्सेटल्ड असते, सावकाराचे खाते अन्सेटल्ड असते, वाद अन्सेटल्ड राहतो, मुलूख अन्सेटल्ड असतो आणि माणसाचे आयुष्यही अन्सेटल्ड असते. मराठीत या सहा ठिकाणी सहा निरनिराळे शब्द येतात. मन अस्वस्थ होते, आभाळात मळभ येते, खाते बेबाक होत नाही, वाद मिटत नाही, गाव ओसाड असते आणि माणसाचा जम बसत नाही. यांपैकी एक शब्द दुसऱ्याच्या जागी घातला तर वाक्य हास्यास्पद होते. खाते अस्वस्थ होत नाही आणि मन बेबाक होत नाही.

एवढ्यावरून इंग्रजी भाषा दरिद्री व मराठी संपन्न असा निष्कर्ष काढणे पोरकटपणाचे ठरेल. एका शब्दाखाली सहा अर्थ नांदतात तेव्हा त्यांना जोडणारी एखादी कल्पना त्या भाषेच्या पोटात असते; आणि सहा अर्थ सहा शब्दांत विखुरलेले असतात तेव्हा दुसऱ्या भाषेने तो अनुभव निराळ्या रेषांनी विभागलेला असतो. या दोन विभागण्या शेजारी ठेवून पाहणे हे अर्थविचाराचे काम आहे. ते केवळ कोशकाराच्या सोयीचे आहे असेही नाही. 'सेटलमेंट' या शब्दाने महाराष्ट्रात जमिनीचा सारा ठरविला आणि याच शब्दाने माणसांना तारेच्या कुंपणात ठेवले. शब्दाच्या अर्थाला येथे इतिहास आहे आणि त्या इतिहासाची झळ लागलेली माणसे आहेत.

२

'सेटल' या क्रियापदाचे मूळ प्राचीन इंग्रजीतील 'सेट्ल' या नामात आहे. त्याचा अर्थ बसण्याची जागा, आसन. त्यावरून बनलेल्या क्रियापदाचा पहिला अर्थ 'आसनावर बसविणे, जागी ठेवणे' असा होता. पुढे हा अर्थ दोन दिशांनी वाढला. एक दिशा वस्तीची: माणूस एखाद्या जागी कायमचा बसला म्हणजे तो तेथे सेटल झाला. दुसरी दिशा खाली जाण्याची: पाण्यातील गाळ तळाशी बसला, धूळ खाली बसली, घराचा पाया खचून बसला. वाद मिटविण्याचा जो तिसरा अर्थ, त्याच्या घडणीत मात्र दुसऱ्याच एका शब्दाचा हात असावा असे मानले जाते. समेट घडविणे या अर्थाचे एक क्रियापद मध्ययुगीन इंग्रजीत होते; त्याचा उच्चार 'सेटल'शी जवळचा असल्यामुळे दोहोंची सरमिसळ झाली. 'अन्' हा अभाववाचक उपसर्ग लागून 'अन्सेटल्ड' हे रूप सोळाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आले.

या शब्दाचा मूळ धातू संस्कृताला परका नाही. लॅटिनातील 'सेदेरे', इंग्रजीतील 'सिट' व 'सेटल' आणि संस्कृतातील 'सद्' ही एकाच धातूची अपत्ये आहेत. 'सदन', 'संसद', 'परिषद', 'उपनिषद' या शब्दांत बसण्याचा अर्थ उघड दिसतो. परंतु अर्थविचाराच्या दृष्टीने अधिक लक्षणीय आहेत ते 'प्रसन्न' आणि 'विषाद' हे दोन शब्द. 'प्र' उपसर्ग लागून 'सद्' धातूला गाळ बसून स्वच्छ होण्याचा अर्थ आला. संस्कृतात 'प्रसन्न' हे पाण्याचे विशेषण आहे आणि त्याचा अर्थ नितळ असा आहे. मनाच्या प्रसन्नतेत तोच अर्थ पुढे गेला. 'वि' उपसर्गाने मात्र बसण्याचे रूपांतर खचण्यात झाले, आणि 'विषाद' हा शब्द सिद्ध झाला. म्हणजे ज्या धातूपासून इंग्रजीत मनाच्या स्थैर्याचा शब्द निघाला, त्याच धातूपासून संस्कृतात मनाच्या नितळपणाचा एक आणि मनाच्या खचण्याचा एक असे परस्परविरोधी शब्द निघाले. खाली बसणे हे दर वेळी सुखाचेच असते असे नाही, हे संस्कृताने उपसर्गभेदाने नोंदवून ठेवले. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनविषादाचा आहे आणि दुसऱ्या अध्यायात जो आदर्श येतो तो स्थितप्रज्ञाचा. एका धातूतून दुसऱ्या धातूत, 'सद्' मधून 'स्था' मध्ये, असे हे स्थित्यंतर आहे.

३

मराठीने मनाच्या स्वस्थतेसाठी पत्करला तो हाच 'स्था' धातू होय. 'स्वस्थ' म्हणजे स्वतःच्या ठिकाणी उभा असलेला. हिंदीत 'स्वस्थ' हा शब्द निरोगी या अर्थाने रूढ झाला आणि 'अस्वस्थ' म्हणजे आजारी. मराठीत प्रकृतीसंबंधीचा अर्थ अगदीच लोपलेला नाही. तथापि 'स्वस्थ बस' असे आई मुलाला सांगते तेव्हा तिला अभिप्रेत असते ते निश्चल, शांत बसणे. शब्द एकच, पण एका भाषेत तो शरीराकडे झुकला व दुसरीत मनाकडे. मराठी 'अस्वस्थ' या शब्दाचा व्युत्पत्तीने होणारा अर्थ 'आपल्या ठिकाणी नसलेला' असा आहे. आणि येथे तो इंग्रजी 'अन्सेटल्ड'च्या फार जवळ येतो. एक आसनावरून उठलेला, तर दुसरा आपल्या ठिकाणावरून ढळलेला.

परंतु 'अस्वस्थ' हा तत्सम शब्द ग्रंथांत आणि वृत्तपत्रांत जितका सुलभ, तितका घरगुती बोलण्यात नाही. बोलणारा मराठी माणूस या अनुभवासाठी ज्या शब्दांकडे वळतो त्यांची घडणच वेगळी आहे. घालमेल, कालवाकालव, चलबिचल, उलघाल, तळमळ, हुरहूर, रुखरुख, चुटपुट, धाकधूक ही त्यांची यादी. हे सारे अभ्यस्त किंवा अभ्यस्तसदृश शब्द आहेत. काहींत दोन्ही दलांना स्वतंत्र अर्थ लावता येतो. 'चलबिचल' मध्ये 'चल' व 'विचल' स्पष्ट आहेत. काहींत तसा अर्थ शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. 'चुट' आणि 'पुट' यांना वेगळे काढले की दोन्ही निरर्थक होतात. या शब्दांचे सामर्थ्य त्यांच्या नादात आहे. एकच ध्वनी थोडा फिरून पुन्हा येतो. तेच तेच मनात फिरत राहण्याची क्रिया शब्दाच्या रूपातच उमटते.

कोशांत हे शब्द पुष्कळदा परस्परांचे पर्याय म्हणून ओळीने मांडले जातात. वापरात मात्र ते पर्याय नाहीत. त्यांच्यात एक काळाची वाटणी आहे. रुखरुख आणि चुटपुट ही घडून गेलेल्या गोष्टीची असते. हातून काही निसटले, करावयाचे राहिले, त्याचे शल्य. धाकधूक पुढे येणाऱ्या गोष्टीची. चलबिचल निर्णयाच्या उंबरठ्यावरची. घालमेल आणि कालवाकालव या चालू क्षणाच्या, परस्परविरोधी भावना एकदम दाटल्याच्या. हुरहूर तेवढी दोहों बाजूंना पाहते; गेलेल्या माणसाची हुरहूर लागते आणि येणाऱ्या प्रसंगाचीही. परीक्षेच्या निकालाची 'रुखरुख लागली' असे कोणी म्हणत नाही. निकाल हाती पडून दोन गुण कमी आले की मग ती लागते. असा काळाचा निर्देश इंग्रजी 'अन्सेटल्ड'मध्ये नाही. तो संदर्भावरून काढावा लागतो.

दुसरा भेद वाक्यरचनेचा आहे. इंग्रजीत बातमी माणसाला अन्सेटल करते. बातमी कर्ता आणि माणूस कर्म. मराठीत माणसाला हुरहूर लागते, त्याच्या जिवाची घालमेल होते. चतुर्थीत किंवा षष्ठीत असलेला माणूस येथे क्रियेचा कर्ता नसतो. पण कोणा दुसऱ्याच्या क्रियेचे कर्मही नसतो. तो अनुभवाचे स्थान असतो. 'तळमळणे' या क्रियापदात अनुभविणारा प्रथमेत येतो, म्हणून हा नियम निरपवाद नव्हे. तरी कल स्पष्ट आहे. अलीकडच्या गद्यात 'त्या बातमीने त्याला अस्वस्थ केले' ही रचना सर्रास आढळते. ती अशुद्ध म्हणता येणार नाही. परंतु अनुवादित कादंबऱ्यांत ती पानोपानी येऊ लागली की मराठी वाक्याचा एक स्वाभाविक गुण नाहीसा होतो. मनाचा प्रत्येक क्षोभ कोणीतरी घडवून आणलेला आहे असा भास होऊ लागतो.

४

आता वस्तीचा अर्थ. येथे मराठीच्या प्रतिमा अधिक विविध आहेत. बसण्याची प्रतिमा मराठीतही आहे: जम बसतो, बस्तान बसते, संसाराची घडी बसते. 'बसणे' हे क्रियापद मात्र 'सद्' पासून आलेले नाही. जुन्या मराठीतील 'बैसणे' या रूपावरून त्याची परंपरा 'उपविश्' कडे जाते. उभे राहण्याची प्रतिमा 'स्थिरस्थावर' या शब्दात आहे. परंतु मुलांची शिक्षणे, नोकऱ्या, लग्ने झाली म्हणजे मराठी बाप जे म्हणतो ते सर्वांत विचारणीय आहे. तो म्हणतो, 'मुले मार्गी लागली.' आजची तरुण पिढी त्याच प्रसंगी 'सेटल झालो' असे म्हणते. व्यवहारात दोन्ही वाक्यांचा अर्थ एक, प्रतिमा परस्परविरुद्ध. एकीत माणूस वाटेला लागतो, दुसरीत तो वाट संपवून बसतो. स्थैर्य म्हणजे न हलणे असे मराठीने सर्वत्र मानलेले नाही. योग्य वाटेवर असणे यालाही तिने स्थैर्य म्हटले आहे.

ओसाड गावासाठी मराठी दप्तरांत 'बेचिराग' हा फारसी शब्द रूढ होता. 'चिराग' म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराग. वस्ती नाही हे सांगावयास जमीन, नांगर किंवा घर न घेता दिवा घेतला, ही कल्पना सुंदर आहे. पुढे लोकांनी त्यातील अनोळखी 'चिराग' च्या जागी ओळखीची 'राख' आणली; 'बेचिराख' म्हणजे जाळून राख केलेले असा नवा अर्थ रूढ झाला. लोकव्युत्पत्तीने अर्थ कसा पालटतो याचे हे नमुनेदार उदाहरण असून, अंधाराचा शब्द त्यात आगीचा शब्द झाला आहे.

वस्तीतील माणसांतही मराठीने भेद केला होता. पेशवाईतील गावगाड्यात वंशपरंपरेने जमीन कसणारा तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन हक्काविना जमीन कसणारा तो उपरी. उपरी हा गावात राहतो, नांगर धरतो, सारा भरतो. तरी तो गावचा नसतो. लक्ष्मण माने यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनास 'उपरा' हे नाव दिले तेव्हा या शब्दकुळातील सगळी वेदना त्यांनी एका शब्दात पकडली. उपरा हा 'अन्सेटल्ड' नव्हे. त्याला बसावयाचे असते. त्याला बसू दिले जात नाही. इंग्रजी विशेषण अवस्थेचे वर्णन करते आणि ती कोणामुळे आली याविषयी मौन पाळते. मराठी शब्द मात्र गावाकडे बोट दाखवितो.

५

या मौनाची किंमत 'सेटलमेंट' या नामाच्या इतिहासात मोजता येते. इंग्लंडमध्ये १६६२ च्या कायद्याने प्रत्येक गरिबाची 'सेटलमेंट' कोणत्या पॅरिशमध्ये आहे हे ठरविले जाऊ लागले. ज्याची तेथे नसेल त्याला बाहेर काढता येई. शब्दाला अशी कायद्याची धार आल्यानंतर तो हिंदुस्थानात उतरला. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पाहणीतून १८३६ साली इंदापूर तालुक्यात तीस वर्षांच्या मुदतीचा जो सारा ठरला, तो याच नावाने ओळखला गेला. येथे मराठीने आपला शब्द राखला. सेटलमेंट कमिशनर या पदाचे नाव मराठीत 'जमाबंदी आयुक्त' असे आहे. जमिनीच्या बाबतीत अनुवाद झाला.

माणसांच्या बाबतीत तो झाला नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने काही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. पुढे त्यांच्यासाठी ज्या कुंपणबंद वसाहती झाल्या त्यांना 'सेटलमेंट' म्हणत, आणि सोलापुरात तो शब्द जसाच्या तसा वस्तीचे नाव होऊन बसला. ठराविक वेळी हजेरी आणि परवानगीशिवाय बाहेर पडण्यास बंदी, असे तेथील जीवन होते. हा कायदा १९५२ साली रद्द झाला आणि त्या जमातींना 'विमुक्त' हे नाव मिळाले. फिरणाऱ्या माणसाचे मन, नीती आणि मुक्काम ही तिन्ही एकदमच 'अन्सेटल्ड' असली पाहिजेत, या गृहीतावर ही सारी रचना उभी होती. एका विशेषणाखाली तिन्ही अर्थ नांदत असल्यामुळे ते गृहीत सिद्ध करण्याची गरज भासली नाही. कायदा शब्दामुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण शब्दाने कायद्याचे काम सोपे केले, एवढे निश्चित म्हणता येते.

यावर असा आक्षेप येईल की मराठीही या दोषापासून मुक्त नाही. तो आक्षेप बरोबर आहे. 'भ्रम्' म्हणजे फिरणे. त्यावरून भ्रमण आले तसे 'भ्रमिष्ट' ही आले. चळणे म्हणजे हलणे. आणि 'चळ लागणे' म्हणजे डोके ठिकाणावर नसणे. 'भटक्या' या शब्दाच्या उच्चारातच तुच्छता डोकावते. तथापि त्याच भाषेत 'स्थावर' आणि 'जंगम' ही जोडी आहे आणि तीत न हलणाऱ्याला वरचढपणा दिलेला नाही. जंगम मालमत्ता ही स्थावर मालमत्तेइतकीच मालमत्ता असते, आणि जंगम हे वीरशैवांत आदराचे पद आहे. वारी ही फिरण्याचीच क्रिया, पण वारकऱ्यास कोणी अस्थिर म्हणत नाही. धनगर आपल्या मेंढरांसह जेथे मुक्काम करतात त्या फिरत्या तळालाही 'वाडा' म्हणतात. सरदाराच्या चौसोपी घराचा आणि त्या तळाचा शब्द एकच आहे. म्हणजे मराठीत दोन्ही प्रवृत्ती आहेत. प्रश्न हा, की अनुवादक आणि धोरण लिहिणारे त्यांपैकी कोणती उचलतात.

६

अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात या प्रश्नाला प्रत्यक्ष रूप आहे. याच जिल्ह्यातील नेवाशास शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. आणि याच जिल्ह्यात पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेस भटक्या जमाती वर्षानुवर्षे जमत आल्या आहेत. गाढवांचा बाजार तेथे भरतो. जातपंचायतीही भरत असत. वर्षभर कोठेही असले तरी फाल्गुनात मढीस यावयाचे, हा ज्यांचा नेम, त्यांचे जीवन नियमहीन कसे म्हणावे? त्यांचा मुक्काम बदलतो. पंचांग बदलत नाही.

कर्जत तालुक्यातील मिरजगाव हे नगर-सोलापूर रस्त्यावरील बाजाराचे गाव. हा पट्टा पर्जन्यछायेचा. कर्जत, जामखेड, पाथर्डी या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की परततात. त्यांच्या व्यवहाराची स्वतःची परिभाषा आहे. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसांची गणना हत्याराने होते. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम म्हणजे 'उचल'. राहण्याची झोपडी म्हणजे 'कोपी'. हंगाम संपताना विचारला जाणारा प्रश्न एकच: उचल फिटली का? फिटली नाही तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जावे लागते.

या ठिकाणी इंग्रजी शब्दाचे सगळे अर्थ एका माणसात एकत्र येतात. त्याचे खाते मिटलेले नाही, म्हणून त्याचा मुक्काम ठरलेला नाही, आणि म्हणून त्याच्या मनाला स्वस्थता नाही. 'अन्सेटल्ड' हा एकच शब्द हे तिन्ही सांगतो हे त्याचे सामर्थ्य. परंतु तिन्हींतील कार्यकारणसंबंध तो झाकून टाकतो हा त्याचा दोष. मराठीत ते तीन वाक्यांत सांगावे लागते आणि तीन वाक्यांत सांगताना 'म्हणून' हे अव्यय दोनदा योजावे लागते. त्या अव्ययातच सत्य आहे. उलट अहवाल लिहिणारा जेव्हा 'ऊसतोड कामगारांचे अस्थिर जीवन' असे लिहून मोकळा होतो, तेव्हा उचलीचा हिशेब त्या विशेषणाखाली बुजून जातो. अस्थिरता ही जणू हवेसारखी, कोणाच्या हाती नसलेली गोष्ट ठरते. मुलांसाठी साखरशाळा निघतात, त्यांची आवश्यकता निर्विवाद आहे. पण अंगावरची बाकी ही शाळेने फिटणारी गोष्ट नव्हे.

७

या विवेचनातून अनुवादासंबंधी तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, 'अन्सेटल्ड' साठी 'अस्थिर' हा एकच पर्याय सर्वत्र योजणे म्हणजे इंग्रजी शब्दाचा दोष तेवढा घेणे आणि गुण सोडणे होय. कारण 'अस्थिर' मध्ये ना हिशेब येतो, ना हुरहूर. दुसरी, मनाच्या अवस्थांचे अभ्यस्त शब्द परस्परांचे पर्याय मानू नयेत. त्यांतील काळाची वाटणी कोशांनी स्वतंत्रपणे नोंदवावी. मोल्सवर्थ व कँडी यांच्या १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशाने पर्यायांच्या रांगा दिल्या आणि त्या काळी ते मोठेच काम होते. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने शब्दसंग्रहाचा विस्तार केला. पुढील काम विस्ताराचे नसून भेद सांगण्याचे आहे. तिसरी, वस्ती आणि स्थलांतर यांविषयी लिहिताना विशेषणापेक्षा क्रियापदावर भर द्यावा. कोणाचा जम बसत नाही, कोणाला बसू दिले जात नाही आणि कोण आपल्या नेमाने फिरतो, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. त्यांना एका शब्दात कोंबण्याची सोय इंग्रजीने केली असली, तरी मराठीवर ती सक्ती नाही.

'सेटल' हा शब्द मराठीत आता रुळला आहे आणि तो बाहेर काढण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. परंतु तो ज्यांच्या जागी आला ते शब्द अजून जिवंत आहेत. मिरजगावच्या बाजारात आजही उचल फिटते किंवा फिटत नाही. ती सेटल होत नाही. अभ्यासकाने नोंद घ्यावयाची ती या क्रियापदाची.